त्रेसष्ट नंबरची नर्स

४ मार्च, सोमवार

आज चारशे बारा ताव पाहिले. एका तावावर पोस्टाची शंभर तिकिटं, म्हणजे एक्केचाळीस हजार दोनशे. त्यांत सात खराब निघाली. सातही तिकिटांवर निळ्या पेन्सिलीने फुली मारली, ताव बाजूला काढले, नोंद केली. घरी येताना वाटेत शंका आली की आठवं एखादं सुटलं तर नसेल. ही शंका मला रोज येते. मोठ्या बाई म्हणतात, ज्याला ती येत नाही त्याला मी तपासणीच्या खोलीत बसूच देत नाही. पण त्यांना स्वतःला घरी जाताना ती येत नसावी. फाटकाबाहेर पाय पडला की त्यांच्या डोक्यात भाजी असते, असं त्याच सांगतात.

छापखान्यात लागून दोन महिने झाले. काम नीट समजलं आहे की नाही हे पाहण्यासाठी आज ते लिहून काढतो. लिहिता आलं तर समजलं.

आम्ही ताव उलटा धरून तपासतो. पाठमोरा नव्हे, खालची बाजू वर. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चित्र बघायला लागलास की फसलास. पक्षी दिसला की तुला पक्षीच दिसणार, त्याच्या पंखातली तुटकी रेघ दिसणार नाही. उलटा धर. मग तो पक्षी राहत नाही, नुसत्या रेघा राहतात." हे अगदी खरं आहे. मला आता तिकिटावर काय छापलं आहे हे विचारलं तर चटकन सांगता येत नाही, पण शंभरांतलं वेगळं कोणतं ते लगेच दिसतं. खोट सापडली की नंबर मात्र सुलटा लिहायचा. उलट्या तावावर येईल तो आकडा एकशे एकातून वजा करायचा. मला वजाबाकीही करावी लागत नाही, आकडा आपोआप येतो. बाईंनी आज सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. पलीकडच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, "हा लग्नात नवरीलाही उलटी उभी करून बघणार." सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण तावावरची नजर काढली नाही.

परीक्षेचे सहा महिने जूनअखेर संपतात. मग नोकरी पक्की, नाहीतर घरी.

१० मार्च, रविवार

मी ताईकडे राहतो. आठवीत दोनदा नापास झालो तेव्हा ताई आणि दाजी मला इकडे घेऊन आले. दाजींनी शब्द टाकला म्हणून छापखान्यात घेतलं. ते तिथे सव्वीस वर्षं पत्र्याच्या खोलीत, म्हणजे छपाईचे पत्रे तयार होतात तिथे, आहेत. त्यांचं नाव खाली जाईल असं माझ्या हातून काही होऊ नये, एवढीच माझी काळजी आहे. म्हणजे ही मोठी काळजी, बाकीच्या लहान पुष्कळ आहेत.

दाजी माझ्या शिक्षणाकडेही लक्ष देतात. वर्षभर रोज सकाळी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावतात. पहिल्या पानापासून, हवामानासकट. आलेली पत्रंही मीच वाचायची. आज म्हणाले, "तुझं वाचन सुधारलं हो." मला फार बरं वाटलं. शाळेत कोणी असं म्हणालं नव्हतं.

दुपारी ते ताईच्या हिरव्या चपला घालून बाहेर निघाले. ताई मागे गेली आणि त्यांची जोडी पुढे ठेवली. मी हसलो. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. थोरांना हसू नये हे खरंच.

शेजारच्यांकडे पत्ते खेळायला जाणंही त्यांनी सोडलं आहे. कंटाळा आला म्हणतात.

१३ मार्च, बुधवार

नव्या तिकिटाचा पहिला ताव आज आमच्याकडे आला. चित्र नर्सचं आहे. टोपी घातलेली, चेहरा थोडा वळलेला, त्यामुळे ओठाचं एकच टोक दिसतं. निळा रंग, तिकीट साधं पण सुरेख आहे, असं बाई म्हणाल्या. मी ते रेघांतच पाहिलं.

मूळ चित्र तिकिटाएवढ्याच एका पोलादी तुकड्यावर कोरलेलं असतं. कोरणारा कारागीर दुसऱ्या गावचा, आमच्याकडे तुकडा लाकडी पेटीतून येतो. त्यावर दाबून एक रूळ तयार करतात आणि तो रूळ मोठ्या पत्र्यावर शंभर वेळा दाबतात. शंभर दाब काही सारखे बसत नाहीत. एखाद्या ठिकाणी रेघ उथळ उतरते, तिथे शाई धरत नाही आणि तिकीट फिकं येतं. मग दाजी कोरणी घेऊन पत्र्यावरची तेवढीच रेघ हाताने खोल करतात. याला रेघ उजळणं म्हणतात. केसाएवढी रेघ असते. छापखान्यात हे काम फक्त दाजींना येतं. वरचे साहेबसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना दारात थांबतात.

मला पहिल्याच तावावर खोट सापडली. उलट्या तावावर अडतीस नंबर, म्हणजे खरा त्रेसष्ट. ओठाचं टोक जवळपास दिसतच नव्हतं. बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, "६३, ओठ फिका," आणि खाली पाठवली.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी दाजींनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "चिठ्ठी मिळाली. ओठाचं टोक बाकीच्यांत कसं आहे रे? सरळ जातं की वळतं?" मला आश्चर्य वाटलं, कारण ताव त्यांच्याकडेही होता. ते म्हणाले की भिंग घासून घासून धूसर झालं आहे, नवं मागवलं आहे. तपासणीतल्या माणसाने पत्र्याच्या खोलीशी तोंडी बोलायचं नाही असा नियम आहे. जे काही असेल ते चिठ्ठीवर, म्हणजे पुढे चूक कोणाची ते कळतं. पण दाजींना नाही कसं म्हणणार. आणि खरं सांगायचं तर त्यांनी मला विचारलं याचा अभिमान वाटला.

मी वर धावत गेलो. ताव टेबलावर मी ठेवला होता तसाच होता. आजूबाजूची चार तिकिटं भिंगाखाली नीट पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, खाली येऊन सांगितलं, "टोक खाली वळतं. अगदी थोडं, पण सगळ्यांत खालीच."

"खाली," दाजी म्हणाले.

"हो, खाली. मी दोनदा पाहिलं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कठडा धरून हळूहळू उतरले. मी जेवायला गेलो.

१४ मार्च, गुरुवार

दुरुस्त पत्र्याचा ताव आला. त्रेसष्ट नंबर स्वच्छ, शाई भरलेली, रेघ ठसठशीत. मी पाहिला, काकूंनी पाहिला, शेवटी बाईंनी पाहून सही केली. वरचे साहेब फक्त रंग बघतात. त्यांनीही सही केली. छपाई सुरू.

दाजींसाठी मऊ कापडाचा तुकडा आणला, भिंग पुसायला. त्यांनी तो खिशात ठेवला.

२३ मार्च, शनिवार

आठवडाभर नर्स. डोळे मिटले तरी निळं दिसतं. कमी दाबलेली छिद्रं दोन तावांवर, डिंक सांडलेला एक ताव. बाकी निर्दोष.

२ एप्रिल, मंगळवार

तिकीट आज विक्रीला आलं. ताईने एक विकत घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवावं तसं आरशाच्या चौकटीत खोचलं. मी म्हणालो, अगं हवेने डिंक ओलसर होऊन ते चिकटेल. ती म्हणाली, "चिकटू दे. कुठे जायचंय त्याला?"

५ एप्रिल, शुक्रवार

घडलं तसं क्रमाने लिहितो.

अकरा वाजता चिमटेवाले आले. हे एक निवृत्त हेडमास्तर आहेत. दर नवं तिकीट निघालं की पोस्टातून पूर्ण ताव घेतात, घरी भिंगाखाली एकेक तिकीट बघतात आणि काही खोट असेल तर आमच्या फाटकावर येऊन सांगतात. तिकिटाला कधी बोट लावत नाहीत, वरच्या खिशात नेहमी चिमटा असतो, म्हणून बायका त्यांना चिमटेवाले म्हणतात. एरवी त्यांना फाटकावरच चहा देऊन वाटेला लावतात. आज ते बाईंना भेटल्याशिवाय जायला तयार नव्हते.

त्यांनी चिमट्याने एक तिकीट काढून काळ्या कागदावर ठेवलं. शेजारी दुसरं ठेवलं. म्हणाले, "बाई, ही हसते आहे. आणि ही रडायला लागली आहे. त्रेसष्ट नंबर. मी तीन ताव पाहिले, तिन्हींत रडते आहे."

बाईंनी पाहिलं. काकूंनी पाहिलं. मग मी. एक नर्स ओठ किंचित मुडपून हसते आहे, येणाऱ्या माणसाला बसा म्हणावं तशी. दुसरीचं तेच कपाळ, तेच डोळे, पण ओठाचं टोक खाली गेलं आहे. आता कोणत्याही क्षणी ती तोंडावर पदर घेईल असं वाटतं. इतकं उघड की लहान मुलालाही कळेल.

बाई टेबलाशी गेल्या, तयार गठ्ठ्यातला एक ताव घेतला आणि सुलटा धरला. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे. शंभर जणींत ती लगेच सापडली. मग बाईंनी तोच ताव उलटा फिरवला. ती हरवली. पुन्हा सुलटा केला, ती पुन्हा रडायला लागली. असं त्यांनी तीनदा केलं. बाईंना इथे एकोणीस वर्षं झाली आहेत.

६ एप्रिल, शनिवार

पोस्टासमोर रांग. लोक पूर्ण ताव मागतात, रडकी फाडून घेतात आणि नव्याण्णव हसऱ्या तिथल्या तिथे दुसऱ्याला देतात. वर्तमानपत्रात तिचा मोठा करून फोटो आला आहे. रडकी हे नाव कोणी ठेवलं कळत नाही, पण गावभर झालं. ही बातमी मी दाजींना वाचून दाखवली. मी हवामानावर आलो तेव्हा म्हणाले, "पुन्हा वाच. टोक खाली, असंच लिहिलंय?" मी म्हणालो, हो.

छपाई थांबवली आहे.

काकू म्हणाल्या, एवढ्या आजाऱ्यांकडे बघायचं म्हटल्यावर एखादी रडणारच. बाई हसल्या नाहीत.

८ एप्रिल, सोमवार

चौकशी सुरू झाली. वरच्या साहेबांनी आधी दाजींना बोलावलं. वीस मिनिटांत ते बाहेर आले. पाठोपाठ बातमी आली की त्यांनी सांगितलं, माझा हात घसरला, दुसऱ्या कोणाचा काही संबंध नाही. चौकशी संपेपर्यंत त्यांनी घरी बसायचं. हलगर्जीपणा ठरला तर कायमचं, आणि सव्वीस वर्षांवर पाणी.

हे मला पटत नाही. दाजींचा हात घसरत नाही. मी दुपारी बसून दुसरी काय कारणं असू शकतील ती काढली. एक, रूळ दाबतानाच वाकडा बसला असेल. दोन, शाई पुसणाऱ्या फडक्यातला धागा ओढला गेला असेल. तीन, पोलादाचा कण. पण यांतलं एकही कारण दुरुस्तीच्या आधीच्या फिक्या तावाशी जुळत नाही. चौथं कारण सुचलं नाही.

माझी साक्ष पुढच्या सोमवारी आहे.

१० एप्रिल, बुधवार

संध्याकाळी दाजी गच्चीत बसले होते. मी स्वयंपाकघरात ताईला म्हणालो, दाजी साहेबांना खोटं का सांगतात? नवं भिंग आलं नव्हतं एवढं तरी सांगायचं. ताई उसवलेली उशी शिवत होती. तिने सुई उशीत खोचली.

"कुठलं भिंग?" ती म्हणाली.

मी सांगितलं, ते धूसर झालेलं.

"भिंगाला काय धाड भरली आहे? दोन वर्षं झाली त्यांना नीट दिसत नाही. मधोमध काळं दिसतं, कडेकडेने थोडं दिसतं. त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावते. ताटातला घास मी हाताशी सरकवते. तुला कागदावरची टाचणीएवढी खोट दिसते आणि समोर जेवायला बसलेला माणूस दिसत नाही?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली की डॉक्टरांनी सांगितलं आहे, हे आता सुधारायचं नाही. छापखान्यात कळलं तर त्याच दिवशी काम बंद होईल, म्हणून कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मलाही नाही. "पोरगा घाबरट आहे, घाबरून जाईल," असं म्हणाले होते.

मी माझ्या खोलीत आलो आणि ही वही पहिल्या पानापासून वाचली. वर्तमानपत्र. चपला. पत्ते. जिना. सगळं मी स्वतः लिहिलं आहे, शुद्ध लिहिलं आहे, आणि एकाही शब्दाचा अर्थ मला कळलेला नाही.

मग तेरा तारीख पुन्हा वाचली. "ताव टेबलावर मी ठेवला होता तसाच होता." आरशाच्या चौकटीतलं तिकीट काढलं. ते चिकटलं नव्हतं. ती हसत होती. मी ते उलटं धरलं. ओठाचं टोक खाली वळलं.

आकडा मी फिरवला. ओठ फिरवला नाही.

११ एप्रिल, गुरुवार

कामावर गेलो, काही दिसत नव्हतं, सगळे ताव दोनदा पाहिले.

घरी येऊन दाजींना सांगितलं. उभं राहून सांगितलं, शाळेत सांगायचो तसं. उलट्या तावावर पाहिलं, सुलटं करायचं विसरलो, म्हणून खाली म्हणालो. चूक माझी आहे. ते ऐकत होते. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "शनिवारी तू बातमी वाचलीस तेव्हाच कळलं मला."

मी म्हणालो, मग साहेबांना तसं का नाही सांगितलं?

"काय सांगू? की सव्वीस वर्षं रेघा उजळणारा माणूस जिन्यात उभा राहून विचारतो, ओठ कुठे वळतो? हात घसरला म्हटलं की हात घसरला. कोणाचाही घसरतो. तुझी नोकरी पक्की व्हायची आहे. सोमवारी गेलास की म्हणायचं, ताव पाहिला, काही दिसलं नाही. खोटंही नाही ते. एवढं ऐक माझं."

मी हो म्हणालो. दाजींना मी आजपर्यंत नाही म्हटलेलं नाही.

१४ एप्रिल, रविवार

काय करावं ते समजत नाही. बोललो नाही तर दाजी हलगर्जी ठरतात. घरी बसवतात, निवृत्तिवेतन नाही, आणि छापखान्यात त्यांचं नाव रडकीबरोबर घेतलं जाणार. बोललो तर ते आजारी ठरतात. आजारपणात निवृत्त झालेल्या माणसाला सगळं मिळतं, हे मी नियमांच्या पुस्तकात तीनदा वाचलं. पण मग त्यांना दिसत नाही हे सगळ्यांना कळणार. दोन वर्षं त्यांनी जे जिवापाड झाकलं ते मीच उघडं करणार.

आणि माझ्या नोकरीचा विचार मी यात करतोच आहे. करत नाही असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मला ते टेबल हवं आहे. मला आयुष्यात एवढंच एक काम चांगलं जमलं.

ताईला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी त्यांना शब्द दिलाय." मग पाठ फिरवून भांडी लावता लावता म्हणाली, "तू दिला नव्हतास. गुरुवारी नुसतं हो म्हणालास."

१५ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

वरच्या साहेबांनी मला बसायला सांगितलं. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी जिन्यातलं बोलणं सांगितलं, नियम मोडला हे सांगितलं, उलट्या तावाचं सांगितलं. साहेबांना पटेना. म्हणाले, चिठ्ठी त्यांच्याकडे, ताव त्यांच्याकडे, मग तुम्हाला कशाला विचारतील? त्यांना स्वतःला तो ओठ दिसत नव्हता का?

साहेबांनी उत्तराची वाट पाहून पेनाला टोपण लावलं.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना दिसत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

साहेब बाईंकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, ते शक्य नाही, दोन वर्षांत त्यांच्या हाताखालून चाळीस पत्रे गेले आहेत. साहेबांनी चाळीसही पत्र्यांचे ताव कोठारातून काढायला सांगितले आणि सुलटे धरून पाहायला लावले. अख्खी तपासणीची खोली दिवसभर तेच करत होती. मला त्यात बसू दिलं नाही. मी बाकावर बसून होतो.

सहा वाजता बाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, एवढं पाहून होणारच. म्हणाल्या, "एकही नाही रे. एकही रेघ चुकलेली नाही. नुसत्या हाताने करत होता तो माणूस."

मला जबाब लेखी द्यायला सांगितला. दोन पानं झाली. साहेब म्हणाले, अक्षर चांगलं आहे.

१६ एप्रिल, मंगळवार

निकाल आला. दाजी आजारपणामुळे निवृत्त, सगळ्या हक्कांसह. मोठ्या बाईंना ताकीद, आणि यापुढे प्रत्येक ताव आधी उलटा आणि मग सुलटा पाहायचा. मला तपासणीतून काढून डिंकाच्या खोलीत पाठवलं आहे. परीक्षेचे महिने पुन्हा पहिल्यापासून.

साहेबांचं पत्र घेऊन शिपाई घरी आला. मी वाचून दाखवायला पुढे झालो. दाजी म्हणाले, "ताई वाचेल." ते तिला कधी ताई म्हणत नाहीत. ती माझी ताई आहे. म्हणजे ते माझ्याशी बोलले, पण शेवटचं.

२२ एप्रिल, सोमवार

डिंकाच्या खोलीत गरम असतं. तावाच्या पाठीला डिंक लावून तो वाळवतात. पाठीवर काही छापलेलं नसतं. काम जमतं आहे.

घरी वर्तमानपत्र आता ताई वाचते. कंटाळा आला की मधल्या ओळी गाळते. परवा एका मंत्र्याने उद्घाटन केलं आणि लगेच त्यात चार म्हशी वाहून गेल्या. ती चुकते तिथे माझी जीभ शिवशिवते, पण मी दुसऱ्या खोलीत असतो.

२८ एप्रिल, रविवार

दाजी गच्चीतून खाली येत नाहीत. जेवायला येतात. माझा आवाज आला की घास जरा थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. मी बरोबर केलं असं मला वाटत नाही. चूक केली असंही वाटत नाही. असं काही असतं हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

५ मे, रविवार

आज चिमटेवाले घरी आले. पत्ता बाईंनी दिला. दाजींना भेटायचं म्हणाले. ताई त्यांना गच्चीत घेऊन गेली, मीही चहा घेऊन गेलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो.

ते बराच वेळ भलतंसलतं बोलले, ऊन, गुडघे, हल्लीचा कागद. मग खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून रडकी. म्हणाले, "माझ्याकडे चार आहेत. ही तुमची."

दाजी म्हणाले, "मला काय दिसणार त्यात?"

"दिसायला कशाला हवं? या तिकिटांची शाई कागदावर उभी राहते. हाताने बघा." आणि त्यांनी ती चिमट्यातून दाजींच्या तळहातावर सोडली. मी त्या माणसाला तिकिटाला बोट लावताना किंवा लावू देताना कधी पाहिलेलं नाही. दाजींनी दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं. टोपी. कपाळ. ओठाशी थांबले. तेवढी बारीक रेघ बोटाला लागत नसणार. पुन्हा फिरवलं. मग मान न वळवता म्हणाले, "तू आहेस का तिथे?"

मी म्हणालो, आहे.

"हिची रेघ कशी आहे, बघून सांग."

एकोणीस दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. चिमटेवाल्यांनी मला त्यांचं भिंग दिलं. मी तिकीट सुलटं धरलं, सुलटंच आहे ना हे ताईला विचारलं, आणि पाहिलं. स्वच्छ आहे म्हणावं असं फार मनात होतं. पण भिंगाखाली दिसलं ते दिसलं.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो. "फक्त एका जागी, वळणाच्या अलीकडे, केसभर थांबल्यासारखी आहे. तिथे रेघ जरा जाड झाली आहे. मग पुढे खाली गेली आहे."

दाजींनी मान हलवली, जणू मी नंबर बरोबर सांगितला.

"तिथे थांबलो होतो खरा," ते म्हणाले. "जुनी खाच जराशी शिल्लक होती. कोरणीला वाट वरची लागत होती. हात म्हणत होता, वर. दोन मिनिटं तसाच बसलो. पुन्हा विचारावं म्हटलं, तर तू जेवायला गेलेला."

ताई दारात उभी होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं, हाताचं कुठे ऐकायचं? पोरगा दोनदा बघून आलाय."